हिरवी थाप

ही गोष्ट मी आजवर जितक्या जणांना सांगितली, त्यातल्या एकानंही ती खरी मानलेली नाही. तुम्हीही मानणार नाही, पैज लावा. हिच्यात माणसाच्या छातीत बसवलेली एक डबी आहे, त्या डबीचा शब्द झेलणारी अख्खी गल्ली आहे, आणि एक असा थापाड्या आहे की ज्याचं बोलणं सगळ्यांना पटायला लागलं म्हणून तो जिवावर उदार झाला. नाही ना पटत? छान. मग सुरुवात बरी झाली म्हणायची.

थापाड्याचं नाव सर्जेराव मगदूम. पंचगंगेकाठच्या एका तालुक्याच्या गावात, पानमळा गल्लीत राहायचे. काळ म्हणाल तर फार लांबचा नाही. आज तुमच्या घरातून जे पोर दप्तर घेऊन शाळेला निघालंय, ते तेव्हा बोहल्यावर उभं असेल, एवढाच पुढचा. लग्न असो, उरूस असो की प्रचारसभा, गावात कर्णे आणि स्पीकरची खोकी लागायची ती 'मगदूम साऊंड सर्व्हिस'ची. गावाला आवाज पुरवायचा सर्जेरावांनी, आणि गल्लीला थापा.

गल्लीत एक जुनी रीत होती. रंगपंचमीला रंग खेळून झाला, अंगं धुऊन झाली, की दुपारी देवळापुढच्या कट्ट्यावर थापांचा फड बसायचा. एक दगडी उखळ पालथं घालायचं. सांगणारा डोक्याला पटका बांधून त्याच्यावर बसणार. ऐकणाऱ्याला थाप सापडली, तर त्यानं उठून 'खोटं!' म्हणून ओरडायचं आणि एका दमात कारण द्यायचं. नुसतं खोटं म्हणून भागत नाही, कारण खोटं तर सगळंच असतं. कुठं उसवलंय ते बोट ठेवून दाखवायला लागतं. दाखवलं, की सांगणारा उखळावरून खाली उतरणार आणि आपला पटका पकडणाऱ्याच्या डोक्याला बांधणार. पकड चुकली, तर पकडणाऱ्यानं पेलाभर कारल्याचा रस प्यायचा, तोंड वाकडं न करता.

सर्जेरावांचं कसब असं, की प्रत्येक गोष्टीत ते एक टाका मुद्दाम सैल सोडायचे. समोरचा तो टाका शोधतो, ओढतो आणि सगळी गोष्ट भर्रकन उसवते, त्या क्षणाला त्यांच्या चेहऱ्यावर जे काही यायचं ते पाहायला लोक लांबून यायचे. टाका ओढण्यात दस्तगीर मुजावराचा हात कुणी धरला नाही. दस्तगीर बँडात क्लॅरिनेट वाजवायचा, सर्जेरावांच्या बरोबरीचा, आणि त्यांना 'सर्जा' म्हणणारा गल्लीत तो एकटाच. बाकी सगळ्यांचे ते 'आण्णा'.

"आमच्या आज्याची म्हैस," सर्जेराव सांगायचे, "ऐन पुरात पोहत नरसोबाच्या वाडीला गेली, दर्शन घेतलं आणि कपाळाला अंगारा लावून माघारी आली."

"खोटं!" दस्तगीर ताडकन उभा. "पुरात देऊळच पाण्याखाली असतंय, अंगारा काय माशानं लावला व्हय?"

गल्ली लोळायची. सर्जेराव पटका सोडून दस्तगीरच्या डोक्याला बांधायचे आणि वर त्याला मिठी मारायचे. पंधरा-वीस पटके होते दस्तगीरकडं. ट्रंकेत घडी घालून ठेवलेले.

मग एका लग्नात सर्जेराव माईक तपासायला उभे राहिले. "हॅलो, माईक टेस्टिंग, वन, टू..." 'थ्री' त्यांनी म्हटलं ते दवाखान्यात, शुद्धीवर आल्यावर. मधल्या वेळात त्यांचं हृदय बंद पडलं होतं, आणि वऱ्हाडात आलेल्या एका नर्सनं छाती दाबून दाबून त्यांना या बाजूला धरून ठेवलं होतं. त्यांची बायको मालन कर्ण्याच्या खांबाला धरून उभी होती. नवऱ्याचे डोळे उघडे आहेत आणि त्यात नवरा नाही, एवढं तिनं पाहिलं.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. हृदय हा विजेवर चालणारा स्नायू. वरून एक इशारा निघतो, खाली पोचतो, खालचे कप्पे एकदम आवळतात आणि रक्त पुढं जातं. सर्जेरावांच्या खालच्या कप्प्यात एक जुना व्रण होता. इशारा कधीमधी तिथं अडकून स्वतःभोवतीच फिरायचा, आणि मग हृदय आवळायचं सोडून नुसतं थरथरायचं.

"म्हंजे कर्ण्याचा आवाज माईकात परत शिरल्यावर शिट्टी लागती, तसं," सर्जेराव म्हणाले. "लागली की आपणहून थांबत न्हाई."

"तसंच," डॉक्टर म्हणाल्या.

शिट्टी थांबवायला गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, काड्यापेटीएवढी डबी बसवतात. तिची तार शिरेतून हृदयात उतरते. थरथर सुरू झाली की डबी विजेचा एक दणका देते, सगळं एकदम गप्प होतं, आणि हृदय पहिल्यापासून नीट चालायला लागतं. एवढं आपल्या काळातही होतंच. नवी गोष्ट पुढं आहे. सर्जेरावांची डबी शिकणारी होती. दोन ठोक्यांमधलं अंतर कसं कमीजास्त होतं, श्वास कधी आखडतो, घाबरल्यावर रक्तात जे रसायन चढतं त्यानं कायकाय हलतं, हे सगळं ती रोज आतून पाहायची आणि बिघाड व्हायच्या आधीच ओळखायची. बनवणाऱ्यांनी विचार केला, दणका दुखतो. त्यापेक्षा वेळेवर माणूसच शांत झाला तर? आणि त्याला शांत कोण करणार? त्याची माणसं. म्हणून डबी घरच्यांच्या फोनवर रंग पाठवायची. हिरवा, म्हणजे निवांत. पिवळा, म्हणजे सांभाळा. केशरी, म्हणजे हातातलं सोडून धावा.

कंपनीच्या हिशोबात 'घरचे' म्हणजे बायको, मुलगा, फार तर सून. पण कंपनीनं पानमळा गल्ली कुठं पाहिली होती? मालननं रंग आधी शेजारच्या घरात दिला, कारण ती गिरणीत गेली तर लक्ष कोण ठेवणार? मग चहाच्या टपरीवर, कारण सर्जेराव सकाळी तिथं असायचे. मग दस्तगीरला. मग ज्याला दिला नाही तो रुसायला लागला. "आण्णा काय आमचा कोण न्हाई व्हय?" म्हणत एकेक जण फोन घेऊन दारात उभा. बघता बघता सर्जेरावांचं काळीज गल्लीच्या सगळ्या खिशांत धडधडायला लागलं. मायेपोटीच झालं हो सगळं.

पहिला दणका त्यांना हसताना बसला.

टपरीवर गोष्ट रंगात आली होती, हातात चहाचा पेला होता, आणि डबीला हसणं आणि घाबरणं यातला फरक कळत नव्हता. ठोके दोन्हींत सारखेच धावतात. गाढवानं छातीवर लाथ मारावी, पण आतून, असा तो दणका. पेला उडाला, सर्जेराव बाकावरून खाली आले.

इथं मेंदूचं एक सांगायला हवं. जिथं चटका बसतो तिथली हरेक वस्तू तो शत्रू म्हणून ध्यानात ठेवतो. त्या क्षणी सर्जेरावांच्या हातात चहा, तोंडात गोष्ट आणि पोटात हसू होतं. मेंदूनं तिन्हींवर फुली मारली. चहाचा वास आला की घाम फुटायचा. हसू वर यायला लागलं की ते दात आवळायचे. एकदा दुपारच्या डुलकीत लाथ बसली म्हणून किंचाळून उठले; दवाखान्यात डबीच्या आतलं सगळं तपासलं, तर डबीनं काही दिलंच नव्हतं. लाथ मेंदूनंच मारली होती, स्वतःची स्वतःला. भीतीनं ठोके वाढायचे आणि वाढलेल्या ठोक्यांची भीती वाटायची. ही दुसरी शिट्टी. हिच्यावर डबी नव्हती.

तरी सर्जेराव पुन्हा टपरीवर जाऊन बसले. दात आवळून का होईना, गोष्ट सांगायचीच.

"ह्यावर कुणाचा विश्वास बसणार न्हाई," ते म्हणाले, "पण आपल्या जुन्या कर्ण्यावर मी एकदा खोकलो, तर पन्हाळ्यावरनं निरोप आला, औषध घ्या म्हणून."

"असंल की आण्णा," टपरीवाला म्हणाला.

"असंल? अरं, पन्हाळा हितनं किती लांब!"

"वारं तिकडचं असंल."

सर्जेरावांनी टाका आणखी सैल केला. "आणि खोकलो तवा गावात वीजच न्हवती."

"बॅटरी असंल."

त्यांनी दस्तगीरकडं पाहिलं. दस्तगीरचं तोंड उघडलं होतं. शब्द ओठांवर आलेला सर्जेरावांना दिसत होता. तेवढ्यात दस्तगीरच्या खिशात फोन थरथरला. त्यानं तो काढून पाहिला, तोंड मिटलं आणि म्हणाला, "कर्णा चांगलाच हुता तुझा, सर्जा."

पुढचे कितीतरी महिने सर्जेराव रोज मोठी, अजून मोठी थाप मारत गेले. मी चंद्रावर माईक लावून आलोय. असंल की. माझ्या आईला मी दोनदा झालो. व्हय, आण्णा. अंधारात भिंत चाचपडत चालावं आणि हाताला भिंतच लागू नये, तसं त्यांना व्हायला लागलं. घरातही तेच. आमटी अळणी असताना ते मुद्दाम म्हणाले, "खारट झालीय." मालन म्हणाली, "चुकलंच माझं." म्हणताना तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही, ताटाशेजारच्या फोनकडं पाहिलं.

मालनचं पाहणं पूर्वी निराळं होतं. सर्जेराव घाबरले की त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा जमीन खरवडायचा. लग्नात अंतरपाट धरलेला असताना मालननं होणाऱ्या नवऱ्याचं पहिलं काय पाहिलं असेल, तर कापडाच्या काठाखाली पाट खरवडणारा तो अंगठा. तिला हसू फुटलं होतं आणि तिची भीती पळाली होती. तेव्हापासून तोंडानं सर्जेराव काहीही सांगोत, ती आधी खाली बघायची. आता खाली बघायची गरज उरली नव्हती. फोन सांगायचा.

सर्जेरावांची थोरली बहीण, आक्का, मिरजेला दिलेली. दिवाळीनंतर फोन केला की भाची उचलायची. आई झोपलीय. आई देवाला गेलीय. आईचा घसा बसलाय. संक्रांत आली. दरसालप्रमाणे आक्काचा तिळगुळाचा डबा आला. सर्जेरावांनी एक लाडू तोंडात टाकला आणि चावायचे थांबले.

"आक्का खोबरं घालत न्हाई."

"औंदा घातलं असंल," मालन म्हणाली.

"खोटं!" सर्जेराव उठून उभे राहिले. "खोबऱ्यानं तिला खोकला लागतोय, तिच्या घरात खोबरं नैवेद्यालाबी किसत न्हाईत, ह्यो लाडू तुझ्या हातचा हाय! आक्का कुठं हाय?"

एका दमात, रीतीप्रमाणे. पण कुणी पटका दिला नाही. मालनच्या हातातला फोन पिवळा झाला. मुलगा विश्वजित दुकानातून पळत आला. "आण्णा, बसा आधी. श्वास घ्या, सावकाश."

"कुठं हाय?"

विश्वजितनं आईकडं पाहिलं. मग भिंतीकडं बघत म्हणाला, "दिवाळीनंतर गेली, आण्णा. लगेच. तुम्हाला सोसणार न्हाई म्हणून..."

"गल्लीला ठावं हुतं?"

उत्तराची गरजच उरली नाही, कारण तोवर फोन केशरी झाले होते आणि गल्लीच दारात आली होती. अनवाणी, ओल्या हातांनी, पिठाच्या हातांनी. एकानं पंखा लावला, एकीनं पाणी आणलं, कुणीतरी फोनवर तंबोरा लावला, कारण केशरीला तंबोरा लावा असं कंपनीनं सुचवलं होतं. आणि सगळी एकसुरात म्हणायला लागली, "शांत आण्णा, शांत, शांत." सर्जेरावांना शांत व्हायचं नव्हतं. त्यांना आक्काच्या नावानं रडायचं होतं. हंबरडा छातीतून वर निघाला, आणि तोंडापर्यंत पोचायच्या आत लाथ बसली. मग दुसरी. शुद्ध गेली असती तर बरं, पण ती जागेवर होती. जमिनीवर पडून ते वर वाकलेली प्रेमळ तोंडं बघत राहिले, आणि तंबोरा वाजत राहिला.

आक्कासाठी त्यांना नंतरही रडता आलं नाही. रडू फुटेल असं वाटलं की शरीरच दार लावून घ्यायचं. गोष्ट सुटली, टपरी सुटली. अंगणातल्या खुर्चीत ते दिवसभर बसायचे, हात मांडीवर, चेहरा कोरा, फोन हिरवेगार. लोक म्हणायचे, आण्णांची तब्येत सुधारली.

दवाखान्यात त्यांनी डॉक्टर शिरगावकरांना सांगितलं, "हे रंग बंद करा. डबी ऱ्हाऊ दे. रंग नको."

"डबी बसवताना तुम्ही मुख्य सांभाळणारी म्हणून मालनताईंचं नाव दिलंय," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांची संमती लागेल." डॉक्टर तरुण होत्या, समजूतदार होत्या. "आणि सर्जेराव, तुम्हाला जे होतंय ना, ते पुष्कळांना होतं. त्याला उपचार आहेत. डबी बसवलेल्यांचा एक गट आहे, तिथं बोलायला या."

"तितं मला कोण खोटं म्हणंल का?"

"अजिबात नाही," डॉक्टर घाईनं म्हणाल्या. "सगळे तुमचं ऐकून घेतील."

सर्जेराव उठून बाहेर आले.

मालन बाहेरच्या बाकावर बसली होती. त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "न्हाई."

"मालन, मी असा जगू शकत न्हाई."

"त्या दिवशी तुमच्या डोळ्यांत बघितलंय मी. डोळं हुतं, तुम्ही न्हवता. परत तसं बघायला लावू नका मला. रागावा, बोलू नका, जेवू नका. पण हिरवं ऱ्हावा."

"हिरवं ऱ्हावा? मी काय पालेभाजी हाय व्हय?"

"व्हय," मालन म्हणाली. सवयीनं. आणि औषधं आणायला उठून गेली.

ती औषधांच्या खिडकीशी असताना सर्जेराव पुन्हा आत गेले. म्हणाले, आमचा धंदा कर्ण्याचा, दुकानात चुंबकंच चुंबकं, म्हणून मला आत येऊ देत न्हाईत. नेमकं होतं तरी काय चुंबकानं? डॉक्टरांना त्यांची दया आली असावी. त्यांनी नीट सांगितलं. मोठं चुंबक डबीवर टेकलं की डबी हात बांधून बसते. शिट्टी लागली तरी दणका देत नाही. ऑपरेशनच्या वेळी आम्हीच तसं करतो. आणि तेवढ्या वेळात घरचे उगाच घाबरू नयेत म्हणून फोनवर आधीचाच रंग थांबून राहतो.

"हिरवा असंल तर हिरवाच?"

"हिरवाच. पण म्हणूनच सांगते, दुकानापासून लांब राहा. चुंबक असताना काही झालं, तर तुम्हाला वाचवायला आत कुणी नाही."

"न्हाई न्हाई," सर्जेराव म्हणाले. "मी कशाला जातोय."

रंगपंचमीच्या दिवशी विश्वजित रंगात होता. सर्जेराव मागच्या दारानं दुकानात शिरले. आपलंच दुकान, पण चोरासारखे उभे राहिले. कोपऱ्यात एक जळका स्पीकर पडला होता. त्याच्या पाठीवरचं जाड, काळं, कडीसारखं चुंबक त्यांनी पक्कडीनं उचकटून काढलं. बनेलच्या आत, डबीच्या बरोबर वर, दवाखान्याच्या चिकटपट्टीनं बसवलं. गार होतं. अंगठा जमीन खरवडत होता. त्यांच्या डोक्यात एवढंच होतं: आज फोन काही झालं तरी हिरवे राहतील. हिरवे असले की लोक भिणार नाहीत. भीत नसला की दस्तगीर टाका ओढेल. एकदा 'खोटं' ऐकायचं. मग आत शिट्टी लागली तर लागू दे.

"आण्णा उखळावर बसतायत!" गल्लीत एकच कुजबुज. माना खिशांकडं वळल्या. हिरवा. "हिरवा हाय, बसू दे," कुणीतरी म्हणालं. सर्जेरावांनी पटका बांधला. कट्टा उंच होता, मालन खाली अगदी पुढं बसली होती, फोन दोन्ही हातांनी छातीशी धरून. दस्तगीर तिच्या मागं, कानाच्या पाळीला अजून गुलाबी रंग.

"ह्यावर तुमचा कुणाचा विश्वास बसणार न्हाई," सर्जेराव म्हणाले. आवाज बऱ्याच दिवसांचा गंजलेला होता. "काल माझी डबी माझ्याशी बोलली. म्हणाली, सर्जेराव, बसवल्यापासनं मला एक सुट्टी न्हाई. दसरा न्हाई, दिवाळी न्हाई. जरा मोकळं सोडा. मी म्हणलं, जा बाई. तर तारेसकट बाहेर आली, माझ्या वहाणा घातल्या, आणि एस्टीत बसून गेली मिरजेला. आक्काला भेटायला."

देवळावरचं कबूतर तेवढं घुमत होतं.

"आक्का दारातच हुती. म्हणाली, सर्जाला का न्हाई आणलं? डबी म्हणाली, त्यांना सोडत न्हाईत. मग आक्कानं तिला पाटावर बसवलं आणि तिळगूळ दिला." सर्जेराव थांबले. दस्तगीरकडं पाहिलं. "चांगलं खोबरं घातलेला."

हा टाका सैल नव्हता. दोरा लोंबत होता. आक्का खोबरं घालत नाही, हे संक्रांतीपासून गल्लीतल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. दस्तगीरनं फोन पाहिला. हिरवा. त्याचे गुडघे हलले. तो अर्धा उठला. आणि अर्धा उठल्यावर त्यानं मालनकडं पाहिलं, आजूबाजूला पाहिलं, आणि पुन्हा खाली बसला.

"आक्काच्या हाताला चवच तशी, सर्जा," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

"व्हय, व्हय," गल्ली म्हणाली.

म्हणजे रंगाचा प्रश्नच नव्हता. सर्जेरावांना ते उखळावर बसल्या बसल्या कळलं. हिरवा असो की केशरी, आता यांना सवय लागली होती. ते मेले तरी तिरडीवर त्यांच्या कानाशी कुणीतरी असंल की आण्णा म्हणणार होतं. छातीत काहीतरी घसरलं. ठोका चुकला, मग दोन एकावर एक आले, मग मोजता येईनात. खोल कुठंतरी, कर्णा आणि माईक समोरासमोर यावेत, तशी बारीक शिट्टी सुरू होतेय असं त्यांना वाटलं. खरी का मेंदूची, कळायला मार्ग नव्हता. डोळ्यांच्या कडा काळ्या पडायला लागल्या. हात छातीकडं गेला. पट्टी ओढली, चुंबक काढलं, की डबी जागी होईल, वाचवेल. आणि फोन केशरी होतील. आणि तंबोरा. हात परत मांडीवर आला.

"आणि बघा," ते म्हणाले. शब्द लांबून येत होते. "आक्काचं नाव काढलं, तरी माझ्या छातीत काय न्हाई. तळ्यासारखं गार. दुःख न्हाई. भ्या तर अजिबात न्हाई. मी म्हणतोय म्हणून न्हाई, तुमचं फोन बघा."

सगळ्या माना एकदम खाली वाकल्या. सगळ्या तळहातांवर हिरवा उजेड.

"खरं हाय, आण्णा," टपरीवाला म्हणाला.

एक मान वाकली नव्हती. मालनचा फोन पाहून झाला होता. तो तिच्या मांडीवर हिरवा होऊन पडला होता. त्याच्या वरच्या काठावरून ती समोर बघत होती, कट्ट्याच्या दगडाकडं, जिथं सर्जेरावांचा उजवा पाय होता. मग ती उभी राहिली. फडात ती आजवर कधी उभी राहिली नव्हती. मांडीवरचा फोन घरंगळून रंगाच्या पाण्यात पडला, तिनं वाकून पाहिलंही नाही.

"खोटं!"

कबूतर उडालं. सर्जेरावांनी डोळे ताणून तिच्याकडं पाहिलं, आणि ती श्वास न घेता बोलत सुटली.

"साफ खोटं! अंगठा बघा त्यांचा, अंतरपाटाखाली असाच खरवडत हुता, माईक घेऊन पडलं त्याच्या आधी असाच, आक्काचं कळलं तवाबी असाच, आणि म्हणं छातीत काय न्हाई! फोन खोटा, तुमचं तळं खोटं, आक्काच्या तिळगुळात खोबरं ते खोटं, मघाशी हात छातीवर जाऊन माघारी आला तवाच कळलं, बनेलच्या आत काय दडवलंय ते काढा आधी! भ्या वाटतंय तर भ्या वाटतंय म्हणा, रडायचं तर रडा, केशरी व्हा न्हाईतर काळं व्हा, मी हाय हितं! उतरा उखळावरनं! उतरा, आणि तो पटका माझ्या डोक्याला बांधा!"